वीतभर मोटारीचा खटाटोप

मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती करण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. दिवाळी आली की पुण्या-साताऱ्याकडची मुले अंगणात मातीचा किल्ला उभारतात, त्याला बुरूज चढवतात आणि हळीव पेरून डोंगरावर रान उगवतात. आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या मंडळींची ही हौस त्याआधीच भागलेली असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी पुजून झालेले. आता मुले आपापले लाकडी बैल चाकांवर ओढीत घरोघर नेतात आणि बोजारा गोळा करतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) या गावाचा तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. तेथले सजवलेले मोठे लाकडी नंदी पाहायला आसपासच्या गावांची माणसे लोटतात.

या लाकडी बैलाची गंमत अशी की, बाजारात तो मांडलेला असतो तेव्हा त्याच्यात आणि शेजारच्या बैलात काडीचाही फरक नसतो. घरी आला म्हणजे त्याचे रूप पालटते. कोणी शिंगांना बेगड लावते, कोणी आजीच्या जुन्या काठापदराची झूल शिवते, कोणी घुंगुरमाळ घालते, तर एखादा उद्योगी मुलगा मूळची चाके काढून अधिक पळणारी चाके बसवतो. आठ दिवसांनी तोच बैल 'आमचा' झालेला असतो आणि शंभर बैलांतून तो ओळखू येतो.

मी ज्या छंदाविषयी लिहिणार आहे, त्याचे सारे मर्म या लाकडी बैलात आले. फक्त बैलाच्या जागी मोटार घालावयाची, लाकडाच्या जागी प्लॅस्टिक, आणि सिंदीच्या जागी अमेरिकेतील डेट्रॉईट!

मी व्यवसायाने मराठीचा प्राध्यापक. छंद शिकवणे हे माझे पोट भरण्याचे काम; त्यामुळे 'सरांना हा दुसरा छंद कधी लागला?' असे विद्यार्थी मला हसत विचारतात. माझा एक जुना विद्यार्थी मिशिगन राज्यात नोकरीला आहे. काही वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला एक चपटी पेटी भेट दिली. पेटीवर शर्यतीच्या मोटारीचे भडक चित्र होते. आत मात्र मोटार नव्हती. कैऱ्या देठाला लोंबाव्यात तसे शंभराच्या घरात सुटे भाग प्लॅस्टिकच्या बारीक काड्यांना लागलेले होते. मोटार ज्याची त्याने जोडून घ्यावयाची. या पेटीला 'कीट' म्हणतात. तेव्हापासून माझ्या टेबलावर एका बाजूला पेपरांचे गठ्ठे आणि दुसऱ्या बाजूला वीतभर लांबीच्या मोटारी, असा संसार चालू आहे.

'स्टॉक' गाडी म्हणजे काय?

भाषेच्या माणसाला आधी शब्दाचा उलगडा हवा. 'स्टॉक कार' याचा सरळ अर्थ दुकानातल्या मालापैकी एक गाडी. कारखान्यातून निघाली, विक्रेत्याकडे आली, तुम्ही-आम्ही विकत घेऊन बायकामुलांना फिरवायला वापरतो ती. अशा साध्या गाड्यांची शर्यत म्हणजे स्टॉक कार शर्यत. आपल्याकडच्या शंकरपटाशी याचे नाते जवळचे आहे. पटावर धावणारी जोडी ही शेतकऱ्याच्याच गोठ्यातली. पण तिला खुराक निराळा, तिची मशागत निराळी आणि तिच्या मागची गाडी वजनाला अगदी हलकी.

या शर्यतींना अमेरिकेत शिस्त लागली ती बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थामुळे. १९४७ च्या डिसेंबरात फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे एका हॉटेलात त्याने शर्यतवाल्यांची बैठक भरवली, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत 'नॅस्कार' या संस्थेची रीतसर नोंदणी झाली. निव्वळ साध्या गाड्यांची पहिली मोठी शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे मातीच्या गोल वाटेवर झाली. तिचा निकाल मोठा बोधप्रद आहे. सर्वांत पुढे आला ग्लेन डनअवे, १९४७ सालची फोर्ड घेऊन. शर्यतीनंतर तपासनिसांनी गाडीखाली डोकावून पाहिले, तो मागच्या स्प्रिंगा मूळच्या राहिलेल्या नव्हत्या. त्यांत कुणीतरी फेरफार केला होता. गाडी 'साधी' उरली नाही म्हणून डनअवे बाद झाला आणि लिंकन गाडी चालवणाऱ्या जिम रोपरला विजयी ठरवण्यात आले.

आता या स्प्रिंगांत फेरफार कशासाठी केला होता? दारूसाठी! ती गाडी चोरट्या दारूच्या वाहतुकीची होती. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावरही दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात कर चुकवून दारू गाळण्याचा आणि रातोरात शहरात पोचवण्याचा धंदा जोरात चालू राहिला. दारू भरली की गाडीची शेपटी खाली बसते, आणि खाली बसलेली शेपटी पोलिसांच्या डोळ्यांत भरते. म्हणून मागच्या स्प्रिंगा कडक करावयाच्या, इंजिनाला जोर द्यावयाचा, पण बाहेरून गाडी एखाद्या सोज्ज्वळ पंतोजीची वाटली पाहिजे. वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला हे फारसे समजावून सांगण्याची गरज नाही. आमचा जिल्हा गांधीजी-विनोबांच्या वास्तव्याचा म्हणून येथे दारूबंदी आहे, आणि चोरट्या दारूसह अमुक गाडी पकडली, ही बातमी आम्ही चहाबरोबर वाचतो.

पोलिसांना हुलकावणी देणारे हेच तरुण पुढे शर्यतीचे वीर झाले. त्यांच्यातला सर्वांत नामांकित ज्युनिअर जॉन्सन. १९५६ साली तो बापाच्या भट्टीजवळ पकडला गेला आणि त्याने अकरा महिने तुरुंगात काढले. नॅस्कारच्या सर्वांत वरच्या श्रेणीत त्याने एकूण ५० शर्यती जिंकल्या, आणि १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. वाल्याचा वाल्मीकी झाला असे कोणी म्हणेल. वाहन मात्र त्याने बदलले नाही.

सांगावयाचा मुद्दा हा की, स्टॉक कार ही पहिल्या दिवसापासूनच फेरफार केलेली साधी गाडी आहे. तेव्हा पेटीतली साधी मोटार घेऊन तिची शर्यतीची मोटार करणारा माणूस मूळ कारागिरांच्याच वाटेने जातो. ज्या क्रमाने त्यांनी दिवे काढले, बाके उपटली आणि लोखंडी नळ्या बसवल्या, त्याच क्रमाने तोही जातो.

पेटीचा जन्म

अशा कीटांची कथाही मजेची आहे. एएमटी नावाची कंपनी १९४८ पासून मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या लहान प्रतिकृती करी. गिऱ्हाइकाला गाडीचा आकार व रंग टेबलावर दाखवता यावा, हा हेतू. गाडी घेणाऱ्याच्या मुलाला ती छोटी मोटार मिळे, आणि पुष्कळदा मुलाच्या हट्टाने बापाचा व्यवहार पक्का होई. १९५८ साली कंपनीने हाच माल न जोडता पेटीत घालून विकायला काढला आणि पेटीवर लिहिले, 'एकात तीन'. म्हणजे हीच मोटार तुम्ही साधी करा, नटवी करा किंवा शर्यतीची करा. तिन्हींचे जादा भाग आत आहेत. प्रमाण पंचविसास एक. जो-हान, एमपीसी, रेव्हेल, मोनोग्राम अशा कंपन्याही या धंद्यात होत्या.

प्रमाणाचे गणित नवख्याने आधी समजून घ्यावे. सुमारे ५.३ मीटर लांबीची, १९६४ सालची फोर्ड गॅलॅक्सी पंचविसाव्या हिश्श्याने २१ सेंटिमीटर भरते, म्हणजे जवळजवळ एक वीत. मोनोग्रामच्या शर्यतगाड्या मात्र चोविसास एक या प्रमाणाच्या. फरक शेकड्याला चार, ऐकायला क्षुल्लक. पण एकीचा सांगाडा दुसरीच्या कवचाखाली घालायला गेलात तर पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ११.२ ऐवजी ११.६ सेंटिमीटर भरते. तेवढ्या चार मिलिमीटरांनी चाक मडगार्डाला घासते आणि सारी मोटार चपलेचा अंगठा तुटल्यासारखी दिसू लागते.

करवत, कानस आणि पॉलिश पेपर

आता प्रत्यक्ष काम. सुटे भाग प्रथम साबणाच्या पाण्याने धुवावेत. साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेला ओशटपणा त्यांवर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग कवचावरचे अलंकार उतरवावयाचे. दाराच्या मुठी, नावाची अक्षरे, बाजूचे आरसे, चमकणाऱ्या पट्ट्या यांपैकी शर्यतीच्या गाडीला कशाचाच उपयोग नाही. धारदार पात्याने ते तासावेत, भोके पडतील तेथे प्लॅस्टिकचा तुकडा बसवून लांबी भरावी, आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवून आधी चारशे नंबरचा, मग सहाशेचा फिरवावा. पुढचे दिवे काढून त्यांच्या जागी सपाट चकत्या लावाव्यात. दिवसाच्या शर्यतीत काच फुटून वाटेवर पडण्यापलीकडे दिवा काही करीत नाही.

त्यानंतर चाकांच्या कमानी. शर्यतीचा टायर रुंद असतो, म्हणून मडगार्डाची कड कापून गोल करावी लागते. दोन्ही बाजू सारख्या येण्यासाठी पुठ्ठ्याचा साचा आधी कापून घ्यावा. डोळ्यांवर भरवसा ठेवू नये.

आतले काम मला सर्वांत आवडते. मागचे बाक जाते, पुढचे बाक जाते आणि डाव्या हाताला एकच खोलगट खुर्ची उरते. अमेरिकन मोटारीचे चाक डावीकडे असते हे ध्यानात ठेवावे. खुर्चीभोवती नळ्यांचा पिंजरा उभा करावयाचा. गाडी उलटली तरी छत चालकाच्या डोक्यावर येऊ नये म्हणून तो असतो. खऱ्या पिंजऱ्याची नळी पावणेदोन इंच जाडीची. पंचविसाव्या हिश्श्याने ती १.८ मिलिमीटर होते. इतकी बारीक काडी विकतही मिळते, पण पेटीतल्याच ज्या काड्यांना सुटे भाग लागलेले असतात, ती काडी मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडी वर धरून फिरवावी. मऊ झाली की दोन्ही हातांनी सावकाश ताणावी. पाकाची तार निघावी तशी तार निघते. जाड तारेचा पिंजरा, बारीक तारेची इंजिनातली जोडणी. आदल्या क्षणी कचरा म्हणून टाकून देणार होतो त्याचाच चालकाचा जीव वाचवणारा पिंजरा होतो, याचे मला अजून नवल वाटते.

बाकीच्या वस्तू घरात आणि गावात मिळतात. पट्ट्यांसाठी राखीची फीत, बॉनेट अडकवण्याच्या खिळीसाठी शिंप्याच्या टाचणीचे टोक, खिडकीच्या जाळीसाठी जखमेवरची पातळ पट्टी. बारीक कानशी आणि चिमटे सोनाराकडून पाहून घ्यावेत. दाताच्या डॉक्टरांची झिजलेली हत्यारे तर या कामी अमृतच आहेत, आणि आमच्या वर्ध्याजवळ सावंगीला दंतमहाविद्यालय असल्याने या जातीच्या डॉक्टरांचा आम्हाला तुटवडा नाही. नखांचा रंग काढण्याचे द्रावण मात्र प्लॅस्टिकपासून दूर ठेवावे. ते रंगाबरोबर मोटारही खाते.

रंगाचा हंगाम प्रत्येक गावचा निराळा. आमच्याकडे वैशाखात फवारलेला रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच हवेत वाळून रवाळ होतो, आणि श्रावणातल्या दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. दिवाळी ते संक्रांत, सकाळी दहाच्या सुमारास, हा वर्ध्याचा मुहूर्त. उन्हाळ्यात तयार मोटार पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. तापलेल्या जागी प्लॅस्टिक नरमते आणि छत बसके होते.

कोणत्या दिवसाची गाडी?

येथवर जे सांगितले ते हाताचे काम झाले. परंतु या छंदाने मला धरून ठेवले ते दुसऱ्याच कारणाने. कोणी विचारतो, 'ही कोणाची गाडी?' उत्तर द्यावे, 'रिचर्ड पेटीची, ४३ क्रमांकाची.' जाणकाराचे तेवढ्याने समाधान होत नाही. तो विचारतो, 'कोणत्या शर्यतीची?'

हा प्रश्न वावदूकपणाचा नाही. पेटी हा या खेळातला सम्राट. २०० शर्यती जिंकलेला, त्यांतल्या २७ एकट्या १९६७ सालात. त्याच्या गाड्यांचा फिका निळा रंग 'पेटी ब्लू' म्हणून जगाला ठाऊक आहे. १९७२ साली त्याला पैसा पुरवणाऱ्या एसटीपी कंपनीने सगळी गाडी आपल्या तांबड्या रंगात मागितली. पेटी निळा सोडीना. शेवटी तडजोड होऊन गाडी निम्मी निळी, निम्मी तांबडी झाली. म्हणजे १९७१ च्या गाडीवर तांबडा पट्टा दिसला की प्रतिकृती खोटी ठरली. त्याचप्रमाणे खिडकीची जाळी. १९७० च्या मे महिन्यात डार्लिंग्टनच्या शर्यतीत पेटीची गाडी उलटीपालटी झाली आणि त्याचा हात व डोके खिडकीबाहेर लोंबताना लाखोंनी पाहिले. त्यानंतर खिडकीला जाळी लावणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत डेटोनाला धावलेल्या, लांब चोचीच्या व उंच पंखाच्या प्लिमथ सुपरबर्डला जर तुम्ही जाळी लावलीत, तर तीन महिने पुढची गोष्ट तुम्ही मागे नेऊन ठेवलीत!

हे वाचून माझ्या समव्यावसायिकांना आपले घरचेच काम आठवेल. जुन्या पोथीचा संपादक दुसरे काय करतो? नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती मागाहून शिरलेले पाठ बाजूला काढून. हौसेने घातलेली एक सुंदर ओवीसुद्धा, ती मूळची नसेल तर, काढावीच लागते. वर्गात पाठभेद शिकवताना मुलांच्या डोळ्यांवर झापड येते. एके दिवशी मी सुपरबर्डची छायाचित्रे आणि दोन प्रतिकृती वर्गात नेल्या, एक जाळीची आणि एक बिनजाळीची, आणि विचारले, 'यातली फेब्रुवारीची कोणती?' त्या दिवशी तास संपल्याची घंटा मुलांना ऐकू आली नाही.

आणि या काटेकोरपणाला आणखी एक कारण आहे. खऱ्या शर्यतगाड्या टिकत नाहीत. आदळतात, पुन्हा ठोकून सरळ होतात, नवे पत्रे चढतात, दुसऱ्याला विकल्या जाऊन नवा क्रमांक व नवा रंग घेतात. त्या विशिष्ट रविवारी ती गाडी जशी होती, तशी ती पुष्कळदा छायाचित्रात आणि अशा वीतभर प्रतिकृतीतच उरते.

आपल्या गाड्यांचे काय?

हे ध्यानात आल्यावर मला आपल्याकडची आठवण झाली. साध्या मोटारींच्या शर्यती आपल्या देशातही झाल्या आहेत. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील विमानांची धावपट्टी होती. तेथे फियाट, हेराल्ड, ॲम्बॅसडर अशा घरगुती गाड्या, बाके काढून आणि इंजिने चढवून, बेभान धावल्या. त्यांचे कीट कोणी काढले नाही. खेळण्यांच्या दुकानात मागे ओढून सोडावयाची प्लॅस्टिकची ॲम्बॅसडर मिळते, पण ती मापात नसते.

म्हणून मी आणि माझे तीन विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमागे बेवारशी उभी असलेली ॲम्बॅसडर मोजायला गेलो. शिंप्याची टेप, एक ओळंबा आणि चौकटीची वही. लांबी सव्वाचार मीटरांच्या पुढे, म्हणजे प्रतिकृती सतरा सेंटिमीटरांची. बॉनेटचा फुगवटा, छताचा उतार, खिडकीच्या काचांची वळणे, सारे कागदावर उतरवायला चार रविवार लागले. गंमत म्हणजे ही ॲम्बॅसडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. आणि वर्ध्याला 'ऑक्स-फोर्ड' ठाऊक आहे! जमनालाल बजाजांच्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती सेवाग्रामच्या वाटेवर चालवीत आणि थट्टेने तिला हे नाव पडले, अशी आठवण येथे सांगितली जाते. साध्या गाडीत इतका मूलगामी फेरफार अमेरिकेलाही सुचला नाही.

पाचव्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा ती गाडी जागेवर नव्हती. भंगारवाल्याने तुकडे करून नेली होती. जमिनीवर तेलाचा एक काळा डाग होता. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. आमच्या वहीत त्या एका गाडीची दोनशे अकरा मापे राहिली आहेत. त्यांवरून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून आम्ही कवच उभे केले, आणि आता तिच्यात पिंजरा बसवण्याचे काम चालू आहे.

मोटारीहून अधिक घाई आहे ती बंडीची. गावोगावी ट्रॅक्टर आला, रबरी चाकांची लोखंडी गाडी आली. लाकडी चाकाची बंडी, बसायची दमणी, हलकी रेंगी ही वाहने गोठ्याच्या कडेला पालथी पडली आहेत किंवा चुलीत गेली आहेत. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल दर वर्षी बाजारात येतो. त्याच्यामागे जुंपावी अशी मापातली बंडी मात्र मला कुठे दिसली नाही. तिचे कीट डेट्रॉईटहून येणार नाही, हे उघड आहे.

तेव्हा वाचकांपाशी एक मागणे आहे. या सुट्टीत गावी जाल, तेव्हा परसात अशी एखादी बंडी असली तर घरातल्या मुलांना घेऊन ती मोजा. चाकाचा व्यास, आऱ्यांची संख्या, लोखंडी धावेची रुंदी, आसाची लांबी, जुवाचे वळण. कोणत्या सुताराने केली, लाकूड कोणते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच पानावर लिहा आणि खाली तारीख घाला. प्रतिकृती पुढे कधीही होईल. मोजायला शिंप्याची टेप पुरते, आणि एक दुपार.